वाचनालयाच्या पीसीवर टास्क मॅनेजर बंद पडलाय, आणि फुकटातली वेबसाईट कशात करावी? (वर्डप्रेस, जुमला, ड्रुपल)

ग्रंथमित्र_लालबाग:
नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत पण जागा एकच म्हणून एकाच धाग्यात टाकतोय. लालबागला आमचं जुनं सार्वजनिक वाचनालय आहे, मी संध्याकाळी कामावरून सुटलो की तिथे मदतीला जातो. ऑफिसात एकच पीसी, विंडोज १० होम, ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. सध्या कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर (पीसीवर काय काय चालू आहे ते दाखवणारी खिडकी) उघडायला गेलं की मेसेज येतो, टास्क मॅनेजर तुमच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने बंद केलाय. अहो पण अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आम्हीच, दुसरं अकाउंटच नाही त्यावर! रेजएडिट (रजिस्ट्री एडिटर) उघडायला गेलं तरी तेच. आणि पेनड्राईव्ह लावला की आतली फोल्डरं गायब होऊन त्यांच्या नावाचे शॉर्टकट दिसतात. नोटिसा छापायला आमचा पेनड्राईव्ह कायम कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातो, तिथून काही आलं असेल का?

दुसरा प्रश्न. सभेत वेबसाईट करायचं ठरलंय. डोमेन आणि होस्टिंगचे पैसे मंजूर आहेत, सॉफ्टवेअर मात्र फुकटच हवं. व्याख्यानमालेच्या सूचना, नव्या पुस्तकांची यादी, फोटो, सभासदत्वाचा फॉर्म, एवढंच टाकायचंय, मुख्य मजकूर मराठीत आणि थोडी माहिती इंग्रजीत. साईट बनवायच्या सॉफ्टवेअरांपैकी समितीतले एक जण ड्रुपल म्हणतात, एक जुमला म्हणतात, मला थोडंफार वर्डप्रेस येतं. माझ्यानंतर साईट आमच्या ग्रंथपाल ताई बघणार, त्या श्रीलिपीत (जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाईप करतात.

निळी_खिडकी:
दादा, आधी पहिल्याचं बघू, आणि तोवर वेबसाईटचं काहीही त्या मशीनवर उघडू नका. होस्टिंगचं लॉगिन नाही, डोमेनचं नाही, काहीच नाही. का ते खाली सांगतो.

टास्क मॅनेजर आणि रेजएडिट दोन्ही बंद आणि वर पेनड्राईव्हचे शॉर्टकट, म्हणजे विंडोज बिघडलेलं नाहीये, कोणीतरी आत बसलंय. हा मेसेज खोटा नसतो, विंडोजच देतं तो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात, करंट युझरच्या खाली पॉलिसीज आणि त्यात सिस्टिम अशी एक की असते, तिथे डिसेबल-टास्क-एमजीआर नावाची नोंद १ केली की टास्क मॅनेजर बंद, डिसेबल-रजिस्ट्री-टूल्स १ केली की रेजएडिट बंद. ही सोय मोठ्या ऑफिसांच्या आयटीवाल्यांसाठी आहे, पण मालवेअर लिहिणारे तीच वापरतात कारण त्यांना नको असतं की तुम्ही प्रोसेसची यादी बघावी.

बरेच लोक नेटवर वाचून सरळ ती नोंद उडवतात, टास्क मॅनेजर उघडतो, आणि रीस्टार्ट केलं की परत बंद. कारण ज्याने १ लिहिलं तो अजून चालू असतो, तो परत लिहितो. म्हणून क्रम महत्त्वाचा, आधी साफसफाई आणि मग कुलूप काढणं.

विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, त्यात मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाईन स्कॅन निवडा. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण चालू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे एरवी स्वतःला लपवणारी फाईल तेव्हा लपू शकत नाही. साधारण १५ मिनिटं लागतात, तुमच्या जुन्या डिस्कवर जास्तही लागतील, मध्ये बंद करू नका. डिफेंडरच उघडत नसेल तर मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर उतरवून चालवा, तो उतरवल्यापासून १० दिवसच चालतो, नंतर नवा घ्यावा लागतो.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टच्याच साईटवरून ऑटोरन्स घ्या. सिसइंटर्नल्सच्या संचातलं टूल आहे, फुकट आहे. विंडोज सुरू होताना काय काय आपोआप चालतं ते सगळं एका ठिकाणी दिसतं. ऑप्शन्समध्ये जाऊन मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, म्हणजे यादी छोटी होईल. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाईल सापडत नाही, गुलाबी म्हणजे प्रकाशकाची सही पटत नाही. गुलाबी दिसली की लगेच डिलीट करत सुटू नका, जुनी मराठी टायपिंगची सॉफ्टवेअरंही तशी दिसू शकतात. आधी टिक काढा, रीस्टार्ट करा, काही अडतंय का बघा.

आणि वेबसाईटला हात का लावू नका म्हटलं त्याचं कारण, आजकालची बरीच मालवेअर ब्राउजरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि कुकीज (तुम्ही लॉगिन केलंय हे साईटला सांगणाऱ्या छोट्या फाईली) उचलून पाठवतात. तुम्ही साईट कितीही मजबूत केलीत तरी किल्लीच त्या पीसीवरून गेली तर उपयोग काय. वाचनालयाचा मेल, बँक, जे जे त्या पीसीवर उघडलंय त्या सगळ्यांचे पासवर्ड आजच दुसऱ्या, साफ फोनवरून बदला, आणि मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, चोरलेली कुकी कधीकधी तरीही चालते.

चारकोप_एकटा:
मला पण हाच मेसेज येतोय पण लॅपटॉप कंपनीचा आहे. मी पण हेच करू का?

निळी_खिडकी:
@चारकोप_एकटा नको. कंपनीच्या लॅपटॉपवर तो त्यांनी मुद्दाम बंद केलेला असू शकतो. तुमच्या आयटीला तिकीट टाका.

ग्रंथमित्र_लालबाग:
ऑफलाईन स्कॅन केला, दोन गोष्टी सापडल्या आणि काढल्या असं दाखवतंय. ऑटोरन्समध्ये टेम्प फोल्डरमधून चालणारी एक विचित्र नावाची नोंद होती तिचीही टिक काढली. पासवर्ड फोनवरून बदलले. पण टास्क मॅनेजर अजून बंदच आहे. आणि जीपीएडिट (ग्रुप पॉलिसी एडिटर) उघडायला सांगतात सगळे, ते तर सापडतच नाही.

निळी_खिडकी:
छान. जीपीएडिट होम एडिशनमध्ये नसतं, शोधत बसू नका. आणि ते होमवर आणून देणाऱ्या बॅच फाईली फिरतात त्यांच्याही मागे लागू नका.

स्कॅनर फाईल काढतो पण तिने करून ठेवलेले बदल दरवेळी उलटवतोच असं नाही, म्हणून ती १ ची नोंद तशीच राहिलीय. आता ती काढायची. रेजएडिट बंद आहे आणि कमांड प्रॉम्प्टमधली रेग कमांडही त्याच नोंदीमुळे अडते, म्हणून पॉवरशेल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि रिमूव्ह-आयटमप्रॉपर्टी ही कमांड त्या पॉलिसीज, सिस्टिम की वर चालवून दोन्ही नोंदी उडवा. पूर्ण ओळ तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) करतो, एक अक्षर चुकलं तर चालणार नाही. एक लक्षात ठेवा, पॉवरशेलने जर दुसऱ्याच अकाउंटचा पासवर्ड मागितला तर करंट युझर म्हणजे ते दुसरं अकाउंट धरलं जातं, मग कमांड चालते पण तुमच्याकडे काहीच बदलत नाही. तुमचं एकच अकाउंट आहे त्यामुळे अडचण नाही.

पेनड्राईव्हमधली फोल्डरं गेलेली नाहीत. त्यांना हिडन आणि सिस्टिम असे दोन्ही शिक्के मारलेत, म्हणून नुसतं हिडन फाईल्स दाखवा म्हटलं तरी दिसत नाहीत. अ‍ॅट्रिब कमांडने ते शिक्के काढता येतात, तीही ओळ पाठवतो. शॉर्टकट मात्र चुकूनही उघडू नका, त्यावर क्लिक केलं की परत लागण. आणि झेरॉक्सवाल्याला यापुढे पीडीएफ मेल करा किंवा व्हॉट्सअ‍ॅप करा. त्याच्या मशीनला दिवसभरात किती जणांचे ड्राईव्ह लागतात, त्या बिचाऱ्याने तरी किती सांभाळायचं.

ग्रंथमित्र_लालबाग:
झालं!! दोन्ही उघडतायत आणि रीस्टार्टनंतरही उघडतायत. फोल्डरंही परत आली, त्यात वार्षिक अहवालाचा मजकूर होता, फार मोठं काम झालं. आता टास्क मॅनेजर उघडला तर डिस्क सतत १०० टक्के दाखवतंय. एसएफसी स्कॅननाऊ (विंडोजच्या फाईली तपासणारी कमांड) चालवलं तर म्हणतं खराब फाईली सापडल्या पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत. चेकडिस्क चालवू का?

भडकमकर_मार्ग:
मी हार्डवेअरचं काम करतो म्हणून मध्ये बोलतो. चेकडिस्क थांबवा. आधी बॅकअप घ्या, आजच्या आज, फक्त डेटाचा, प्रोग्रामांचा नाही. मग क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून हार्ड डिस्कची तब्येत बघा. रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर, या दोन ओळींत शून्याच्या वर आकडा असेल आणि तो वाढत असेल तर डिस्क जायच्या मार्गावर आहे. अशा डिस्कवर चेकडिस्क स्लॅश आर चालवलं तर ते प्रत्येक सेक्टर वाचायला जातं, म्हातारी डिस्क त्यातच जीव सोडते आणि डेटा पण घेऊन जाते. माझ्याकडे असे लोक येतात, सगळं झाल्यावर येतात, तेव्हा मला काही करता येत नाही आणि वाईट वाटतं.

डिस्क ठीक निघाली तर आधी डिझम, ऑनलाईन, क्लीनअप-इमेज, रिस्टोअर-हेल्थ ही कमांड चालवा आणि ती पूर्ण झाली की परत एसएफसी. एसएफसी ज्या साठ्यातून चांगली फाईल आणतं तो साठाच खराब असेल तर ते कुठून आणणार, डिझम तो साठा विंडोज अपडेटवरून नीट करतं. नेट चालू पाहिजे. मध्ये एका टक्क्यावर अडकल्यासारखं वाटतं, थांबा.

तसंही खरं सांगू का, छोटी एसएसडी बसवा. लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात मिळेल, पक्कं बिल आणि वॉरंटी घ्या, जुन्या डिस्कवरून क्लोन न करता विंडोज नवं टाका. व्हायरस होता म्हणताय ना, मग नवं टाकलेलंच बरं. आणि ते दुकानदार अ‍ॅक्टिव्हेटर टाकून देतो म्हणाला तर नको म्हणा, या सगळ्या दुखण्यांचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं.

निळी_खिडकी:
+१. आणि एक, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. घरगुती वापरासाठी वाढीव सिक्युरिटी अपडेटची नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो, तुमचं मशीन बहुतेक बसणार नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकली तर जुनं मशीन अजून काही वर्षं छान चालेल, पण श्रीलिपीचं काय ते आधी ठरवा.

ठाणेकर_आजोबा:
मी निवृत्त आहे आणि आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची साईट बंद कशी पडली ते सांगतो, त्यातून यांना काही मिळेल. एका उत्साही तरुणाने आम्हाला फार सुंदर साईट करून दिली होती, ड्रुपलमध्ये. तो नोकरीसाठी परदेशी गेला. डोमेन त्याच्या वैयक्तिक मेलवर होतं, होस्टिंग त्याच्या कार्डावर. नूतनीकरणाची मेल त्याला जात होती, त्याने तो मेल बघणंच सोडलं होतं. एके दिवशी साईट गेली आणि नंतर त्या नावावर कुठलीतरी जाहिरातीची पानं दिसायला लागली. त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता हो, पण आमचं इतक्या वर्षांचं फोटोंचं काम गेलं. तेव्हा ग्रंथमित्र, डोमेन संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या मेलवर घ्या, आणि पासवर्ड सीलबंद पाकिटात कार्यवाहांकडे ठेवा.

माहीमकर:
आजोबांनी मुद्द्याची गोष्ट सांगितली. मी वेबसाईटी करतो, पोटापाण्याचं काम तेच आहे, तर सविस्तर लिहितो.

तीनही सॉफ्टवेअर खरोखर मुक्त आहेत, जीपीएल परवान्याखाली आहेत, कोणी उद्या पैसे मागणार नाही. ड्रुपल २००१ चं, वर्डप्रेस २००३ चं, जुमला २००५ मध्ये मॅम्बो नावाच्या सॉफ्टवेअरमधून फुटून निघालं. तिन्ही पीएचपीवर चालतात. तेव्हा चांगलं कुठलं या वादात पडू नका, तुमच्या वाचनालयात मंगळवारी संध्याकाळी एक सूचना टाकायचीय आणि तुम्ही नाही आहात, तर ती कोण टाकणार आणि त्याला काय येतं, यावरून निवडा.

ड्रुपलचं बळ वेगवेगळ्या प्रकारच्या मजकुराची बारीक रचना करण्यात आहे. मोठ्या संस्थेला उत्तम. पण आताच्या ड्रुपलचे अपडेट कंपोझर नावाच्या टूलने कमांड लाईनवरून करायचे असतात, स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर ते जड जातं आणि ग्रंथपाल ताईंकडून ती अपेक्षा करणं बरोबर नाही. जुनं ड्रुपल ७ सोपं होतं, पण त्याचा सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला संपला, कोणी तेच टाकून देतो म्हणालं तर घेऊ नका.

जुमलाची एक बाजू खरंच भक्कम आहे, अनेक भाषांची सोय त्याच्या गाभ्यातच आहे, मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी चालवायला वेगळं काही टाकावं लागत नाही. वर्डप्रेसला त्यासाठी पॉलीलँगसारखं प्लगइन (वरून बसवायचं जोड-सॉफ्टवेअर) लागतं. तुमची साईट अर्धी अर्धी दोन भाषांत असती तर मी जुमलाचा विचार केला असता. पण तुमचं इंग्रजी म्हणजे पत्ता, वेळ आणि इतिहासाचं एक पान, त्याला एक साधं पान पुरे.

राहिलं वर्डप्रेस. जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त साईट त्यावर आहेत, त्याचा तुम्हाला फायदा एकच, तुम्ही लालबाग सोडून गेलात तरी परळ, दादरमध्ये कोणीतरी कॉलेजचा मुलगा ते जाणणारा सापडेलच. डॅशबोर्ड मराठीत करता येतो. छोटे सिक्युरिटी अपडेट २०१३ पासून आपोआप होतात. तोटाही तोच आहे, इतक्या साईट आहेत म्हणून हल्ले करणारेही तिथेच फिरतात, आणि ते बहुतेक जुन्या प्लगइनमधून शिरतात. म्हणून प्लगइन मोजकी ठेवा, बॅकअपचं एक, फॉर्मचं एक, बस. पैशाची थीम फुकट देणाऱ्या साईटवरून काहीही उतरवू नका, त्यात मागचं दार ठेवलेलं असतं. लॉगिनचं नाव अ‍ॅडमिन ठेवू नका, आणि ताईंना एडिटरचा अधिकार द्या, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा नाही, म्हणजे त्यांच्या हातून चुकून काही मोडायची भीती त्यांनाही राहणार नाही. भीती गेली की माणसं लिहितात, मी हे बऱ्याच संस्थांत पाहिलंय.

घोळ होऊ नये म्हणून अजून एक, वर्डप्रेस डॉट कॉम वेगळं आणि वर्डप्रेस डॉट ऑर्ग वेगळं. पहिली सेवा आहे, फुकट प्लॅनमध्ये त्यांचं नाव पत्त्यात येतं आणि जाहिराती दिसतात. दुसरीकडून सॉफ्टवेअर घेऊन तुमच्या होस्टिंगवर टाकायचं. तुम्हाला दुसरं हवंय.

आणि फॉर्ममधून आधार कार्डाचे फोटो कृपा करून मागवू नका. अशा अपलोड केलेल्या फाईली बऱ्याचदा साईटच्या उघड्या फोल्डरात जाऊन पडतात, पत्ता कळला की कोणीही बघू शकतं. नाव आणि फोन घ्या, कागदपत्रं वाचनालयात येऊन दाखवू देत.

चारकोप_एकटा:
ह्युगो (साधी तयार पानं बनवून देणारं सॉफ्टवेअर) का नाही सुचवत कोणी? डेटाबेसच नाही, हॅक व्हायला काही उरतच नाही आणि होस्टिंगही फुकट मिळतं.

माहीमकर:
@चारकोप_एकटा तुमचं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे आणि माझी स्वतःची साईट ह्युगोवरच आहे. पण त्यात मजकूर मार्कडाऊनमध्ये (खुणा घालून लिहायच्या साध्या टेक्स्ट फाईलीत) लिहून साईट दरवेळी नव्याने बनवावी लागते. ताईंनी ते का करावं?

अक्षरवेध:
श्रीलिपीचा मुद्दा सगळ्यांनी बाजूला टाकलाय म्हणून लिहिते, मी मुद्रणक्षेत्रात आहे. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर मराठी दिसतो पण आत तो मराठी नसतो, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. तो वेबसाईटवर पेस्ट केला की फोनवर नुसता कचरा दिसेल आणि गूगलला कधीच सापडणार नाही. युनिकोडच हवं, ज्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड असतो. जुने अहवाल कन्व्हर्टरमधून काढा पण नंतर एकदा कोणाकडून तरी वाचून घ्या, रफार आणि अर्धी अक्षरं हमखास इकडची तिकडे होतात.

नवीन टायपिंगसाठी विंडोजमध्येच इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे आणि २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिकही आहे, वेगळं काही विकत घ्यायला नको. ताईंना आधी फोनवर सवय होऊ देत, सूचना फोनवर टाईप करून स्वतःला मेल केली तरी चालते. फॉन्टसाठी मुक्ता वापरून बघा, आपल्या मुंबईच्याच एक टाईप मंडळींनी केलाय, मुक्त परवान्याचा आहे, आणि लहान आकारातही जोडाक्षरं मोकळी दिसतात.

आणि वर्डप्रेसमध्ये एक खाच आहे. शीर्षक मराठीत दिलं की पानाचा पत्ताही मराठीतून बनतो, त्यात प्रत्येक अक्षराची आणि प्रत्येक काना मात्रेची टक्क्यांच्या चिन्हांची नऊ-नऊ चिन्हं होतात. पत्त्याच्या त्या भागाला २०० चिन्हांची मर्यादा आहे, म्हणजे बावीसेक अक्षर-मात्रांनंतर तो तुटतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की लांबच लांब टक्के टक्के दिसतात आणि लोकांना वाटतं व्हायरसची लिंक आहे. शीर्षक मराठीतच ठेवा, पण पत्ता प्रसिद्ध करायच्या आधी रोमन अक्षरांत छोटा लिहा. नंतर बदलला तर आधी पाठवलेल्या लिंका अडचणीत येऊ शकतात.

ग्रंथमित्र_लालबाग:
सगळ्यांचे मनापासून आभार. समितीला हा धागा प्रिंट काढून दाखवला. ठरलं असं, एसएसडी आणि नवं विंडोज, डोमेन संस्थेच्या मेलवर, वर्डप्रेस, आणि ताईंनी फोनवर मराठी टायपिंग सुरू पण केलंय, पहिली सूचना त्यांनीच लिहिली. डिस्कचे पेंडिंग सेक्टर वाढताना दिसले म्हणून बॅकअप घेऊन ती बंदच करून ठेवलीय.

एकच राहिलं. पुस्तकांची पूर्ण यादी एक्सेलमध्ये आहे, लेखक, प्रकाशक, दाखल क्रमांक असं सगळं. ती वर्डप्रेसमध्ये टाकून वाचकांना शोधता येईल का?

माहीमकर:
टाकता येईल, पण टाकू नका. पुस्तक बाहेर आहे की कपाटात आहे हे वर्डप्रेसला कळणार नाही आणि देवघेव तुम्ही वेगळीकडेच लिहीत राहाल. त्यासाठी कोहा आहे, ग्रंथालयांचंच मुक्त सॉफ्टवेअर, न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयात जानेवारी २००० मध्ये सुरू झालं आणि आपल्याकडेही भरपूर कॉलेजांच्या ग्रंथालयांत चालतं. ते लिनक्सवर बसतं, त्यामुळे पुढे दुसरं एखादं मशीन मिळालं की बघा. एक्सेलची यादी मार्कएडिट नावाच्या फुकट टूलने मार्क (ग्रंथालयाच्या नोंदींचं ठरलेलं) स्वरूपात आणून कोहात घेता येते, दाखल क्रमांकाचा रकाना एकसारखा ठेवा म्हणजे झालं, आत्तापासूनच तो तपासत राहा. तोवर फक्त महिन्याच्या नव्या पुस्तकांची यादी वर्डप्रेसवर साध्या पोस्टमध्ये.

ग्रंथमित्र_लालबाग:
दाखल क्रमांकात काही ठिकाणी देवनागरी आकडे आहेत आणि काही ठिकाणी इंग्रजी. ते चालेल?

अक्षरवेध:
नाही चालणार, कॉम्प्युटरला ते दोन वेगळे क्रमांक वाटतील. दाखल क्रमांकाच्या रकान्यात सगळे इंग्रजी आकडे करून घ्या, एक्सेलमध्ये फाइंड रिप्लेसने शून्य ते नऊ एकेक करून बदलता येतात. फक्त तो रकाना सिलेक्ट करून करा, पुस्तकांच्या नावातले आकडे तसेच राहू देत. आणि रकाना टेक्स्ट फॉरमॅटमध्ये ठेवा, नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतील.